भावाची चिठ्ठी : पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ची गोष्ट

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीरावर सेव्र-बाबिलोन नावाचं मेट्रो स्टेशन आहे. जिना चढून वर आलं की एक छोटी बाग लागते. बागेत जुनी झाडं आहेत, मुलांना खेळायला जागा आहे आणि पांढऱ्या दगडातलं एक शिल्प आहे. गरजूंना मदतीचा हात देणाऱ्या दोन स्त्रिया त्यात दिसतात. १९१४ सालचं हे शिल्प. त्यातली एक बाई मार्गरीत बुसिको, दुसरी तिच्याच काळातली दानशूर क्लारा द हिर्श. बागेला नावही बुसिको यांचंच आहे.

बहुतेक प्रवासी शिल्पापाशी थांबत नाहीत. त्यांना बागेपलीकडची ती लांबरुंद इमारत खुणावत असते. तिचं नाव ‘ल बाँ मार्शे’. आत गेलं की मान आपोआप वर जाते. डोक्यावर काचेचं छत, त्याखाली लोखंडाची नाजूक नक्षी, मधोमध मोकळा चौक आणि चौकाभोवती मजल्यामागून मजले. वरून येणारा दिवसाचा उजेड थेट तळमजल्यावरच्या कापडांवर पडतो. दीडशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथे पाऊल टाकणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, याची थोडी कल्पना आजही येते.

आज इथला माल बहुतेकांच्या खिशाबाहेरचा आहे. गंमत अशी की फ्रेंच भाषेत ‘बाँ मार्शे’ म्हणजे स्वस्त. इथल्या एखाद्या हातमोज्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आपण उलटून पाहतो, किंमत वाचतो आणि मोजा जागेवर ठेवून पुढे जातो. कोणी अडवत नाही, कोणी मागे लागत नाही, आपल्यालाही संकोच वाटत नाही. एवढी साधी गोष्ट एके काळी नवलाची होती. माझ्या मते या वास्तूचं खरं थोरपण तिच्या छतापेक्षा त्या चिठ्ठीत आहे. ही गोष्ट त्या चिठ्ठीची, आणि ती बांधणाऱ्या नवराबायकोची.

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये दुकानदारी व्यापाऱ्यांच्या संघांच्या हातात होती. कोणी काय विकायचं हे ठरलेलं असे. एका धंद्याच्या माणसाने दुसऱ्या धंद्याचा माल ठेवायचा नाही, शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत हे संघ कायद्याने मोडले, पण सवयी इतक्या लवकर मोडत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही नेहमीचं दुकान म्हणजे अंधारी, अरुंद खोली. माल फळ्यांवर किंवा गाठोड्यात. मागाल ते दुकानदार काढून दाखवणार. भाव मालावर लिहिलेला नसे, तो दुकानदाराच्या मनात असे, आणि समोरच्याचे कपडे नि बोलणं पाहून वर-खाली होत असे. उंबरठा ओलांडला की काहीतरी घ्यायला हवं, असा अलिखित दंडक होता. रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्याला मान खाली घालावी लागे. एकदा घेतलेली वस्तू परत घेण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पुढे पॅरिसमध्ये नव्या तऱ्हेची कापडदुकानं निघाली. रेशीम, लोकर, शाली, लेस, मोजे, छत्र्या असा स्त्रियांच्या पोशाखाचा सगळा माल ती एका छपराखाली ठेवत. र्यू द्यु बाक या रस्त्यावरचं ‘पती सँ-तोमा’ हे त्यातलं नावाजलेलं दुकान. ठरलेला भाव, हंगाम संपताना उरलेला माल स्वस्तात काढणं, अशा काही गोष्टी तिथे रुळू लागल्या होत्या. याच दुकानात नॉर्मंडीतला एक तरुण नोकरीला लागला.

अरिस्तीद बुसिको १४ जुलै १८१० रोजी बेलेम या लहानशा गावात जन्मला. वडील टोप्यांचे कारागीर. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो एका फिरत्या कापडविक्याबरोबर गाव सोडून निघाला. गावोगावच्या बाजारात पाल टाकायचा, बायकांपुढे ठाण उलगडायचं, त्यांच्या नजरा वाचायच्या, हेच त्याचं शिक्षण. १८३०च्या दशकात तो पॅरिसला आला आणि ‘पती सँ-तोमा’मध्ये चढत चढत शालींच्या विभागाचा प्रमुख झाला. इथे आपल्या देशाचा एक धागा लागतो. काश्मिरी शाल ही त्या काळच्या फ्रान्समध्ये श्रीमंतीची खूण होती. सुखवस्तू घरात नवऱ्या मुलाकडून वधूला जे अहेर जात, त्यांत अस्सल काश्मिरी शालीचा मान मोठा असे. फ्रेंच मागांवर तिच्या नकला निघत आणि त्यांचाही मोठा बाजार होता. तेव्हा शालींचा विभाग सांभाळणं म्हणजे सर्वांत महाग मालाचे आणि सर्वांत चोखंदळ गिऱ्हाइकांचे नखरे सांभाळणं.

त्याच रस्त्यावर एका साध्या खानावळीत मार्गरीत गेरँ काम करत होती. ती ३ जानेवारी १८१६ची, बर्गंडीतल्या साओन नदीकाठच्या वेर्झू गावची. आई गरीब, वडिलांचं नाव नाही. लहानपणी तिने हंस राखले आणि कोवळ्या वयातच पोटासाठी पॅरिस गाठून धुलाईच्या कामाला लागली. अरिस्तीदची आणि तिची ओळख याच गल्लीतली. दोघांना १८३९ मध्ये मुलगा झाला, लग्न मात्र १८४८ मध्ये लागलं. त्याच सुमारास ‘पती सँ-तोमा’ बंद पडलं. देशात क्रांती, बाजारात मंदी, आणि चाळिशीला आलेला बिनकामाचा संसारी माणूस.

जवळच, सेव्र आणि बाक या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, व्हिदो बंधूंनी १८३८ मध्ये काढलेलं ‘ओ बाँ मार्शे’ नावाचं दुकान होतं. चार विभाग, बारा नोकर आणि वर्षाची विक्री सुमारे साडेचार लाख फ्रँक. रिबिनी, बटणं, चादरी, गाद्यांचं कापड असा माल. १८५२ मध्ये साठवलेला पैसा घालून बुसिको तिथे भागीदार झाला आणि मनात मुरलेल्या कल्पना त्याने एकेक करून अंमलात आणल्या.

पहिली गोष्ट भावाची. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, आणि सरदाराच्या बायकोला जो भाव तोच मोलकरणीला. दुसरी गोष्ट दाराची. कोणीही यावं, फिरावं, हात लावून पाहावं, काही न घेता जावं. तिसरी गोष्ट सर्वांत धाडसाची. घरी नेलेली वस्तू मनास आली नाही तर परत आणावी, पैसे मिळतील. या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्याने शून्यातून शोधली नव्हती. काही दुकानांत हे तुकड्यातुकड्यांनी चालू होतं. बुसिकोने ते एकत्र बांधलं, त्याचा नियम केला आणि तो कोणासाठीही मोडला नाही.

या उदारपणामागे पक्कं गणित होतं. समजा, दुकानदाराने शंभर फ्रँकचा माल भरला आणि चाळीस टक्के नफा धरून ठेवला. वर्षाकाठी तो एकदा विकला गेला तर चाळीस फ्रँक सुटले. तोच माल तेरा टक्के नफ्यावर ठेवला, भराभर उठला आणि तेच भांडवल वर्षात चार वेळा फिरलं, तर बावन्न फ्रँक सुटतात. गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं, दुकानदाराला जास्त मिळतं. अट एकच : माल पडून राहता कामा नये. म्हणून गर्दी हवी, म्हणून दार उघडं हवं. आणि गर्दीत प्रत्येकाशी घासाघीस करत बसायला वेळ नसतो, म्हणून भाव ठरलेला हवा. एक धागा ओढला की सगळं वस्त्र हलतं, तशी ही रचना होती. उधारी बंद झाली, कारण रोखीने आलेला पैसा लगेच नव्या मालात घालायचा होता. खरेदी ठोकात, शक्यतो थेट कारखान्यातून. कापडगिरण्यांना एवढ्या मोठ्या मागणीचं गिऱ्हाईक हवंच होतं.

१८६० मध्ये विक्री पन्नास लाख फ्रँकवर पोहोचली, १८६३ मध्ये सत्तर लाखांवर. एवढ्या वेगाची व्हिदोंना धास्ती वाटू लागली. बुसिकोच्या कल्पना आपल्याला झेपणार नाहीत असं म्हणून ते पंधरा लाख फ्रँक घेऊन बाजूला झाले. एवढी रक्कम बुसिकोकडे नव्हती. ती दिली आन्री मायार या फ्रेंच माणसाने. न्यूयॉर्कमध्ये मिठाईच्या धंद्यात त्याने पैसा केला होता. आता दुकान बुसिको नवराबायकोचं झालं.

पॅरिसही तेव्हा बदलत होतं. तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने बॅरन ओस्मान जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढत होता. त्या रस्त्यांवरून घोड्यांच्या ऑम्निबसगाड्या धावू लागल्या. रेल्वेने गावाकडची माणसं सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ लागली. पूर्वी माणूस आपल्या वस्तीतल्या दुकानात जाई, आता अख्खं शहर एका दुकानात येऊ शकत होतं. हे बदललं नसतं तर बुसिकोचं गणित कागदावरच राहिलं असतं.

९ सप्टेंबर १८६९ रोजी मार्गरीतच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली. वर्षभरात प्रशियाशी युद्ध पेटलं, पॅरिसला वेढा पडला, शहर उपाशी राहिलं. मग कम्यूनचा उठाव आणि त्याचा रक्तरंजित शेवट. एवढ्या वादळानंतर १८७२ मध्ये नव्या इमारतीचा पहिला भाग उघडला. सुरुवात अलेक्झांद्र लाप्लांश या वास्तुशिल्पकाराने केली होती, पुढचा मोठा विस्तार लुई-शार्ल ब्वालोचा. लोखंडी सांगाड्याच्या कामात आर्मां म्वाझां आणि ग्युस्ताव्ह आयफेल या दोघांचा वाटा आहे. आयफेलचा मनोरा तेव्हा अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

लोखंड निवडलं ते कामासाठी. दगडी भिंती जाड आणि त्यांनी जागा खाल्लेली. लोखंडाचे सडपातळ खांब उभे केले की मजले मोकळे होतात, वर काच बसवता येते. कापडाचा रंग उजेडातच कळतो, आणि गॅसच्या दिव्याखाली निळं-हिरवं ओळखणं कठीण. इमारत टप्प्याटप्प्याने वाढत १८८७ मध्ये पुरी झाली. तोवर तिची एकूण जागा सुमारे ५२,८०० चौरस मीटर, म्हणजे तेरा एकर झाली होती. बारा नोकरांच्या दुकानात १८७७ मध्येच १,७८८ माणसं काम करत होती आणि वर्षाची विक्री सात कोटी फ्रँकच्या वर गेली होती.

या गर्दीत बहुसंख्य स्त्रिया होत्या. घरंदाज स्त्रीने एकटीने वावरावं अशा जागा त्या काळच्या शहरात फार थोड्या. चर्च होतं, नात्यातल्यांची घरं होती. कॅफे पुरुषांचे, क्लब पुरुषांचे. ‘बाँ मार्शे’त मात्र ती दिवसभर राहू शकत होती आणि कोणी बोट दाखवत नव्हतं. वाचनाची खोली होती. तिथे वर्तमानपत्रं, पत्र लिहायला कागद. चित्रांचं दालन होतं. सरबत-फराळाची सोय होती. मुलांना दुकानाच्या नावाचे फुगे मिळत आणि ते हातात धरून मुलं रस्त्याने निघाली की ती चालतीबोलती जाहिरातच. आईला दर भेटीत एक रंगीत चित्रकार्ड मिळे. मालिका पुरी करायची म्हणून मुलं हट्ट धरत आणि आई पुन्हा येई.

हंगामांची आखणीही अशीच विचारपूर्वक. नाताळ सरला की जानेवारीत गिऱ्हाइकी थंडावते. त्या रिकाम्या महिन्यात बुसिकोने चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची वस्त्रं अशा सगळ्या पांढऱ्या मालाची मोठी विक्री सुरू केली. खिडकीबाहेर पडणारं बर्फ पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. दुकानभर पांढऱ्या कापडांचे डोंगर रचले जात. जानेवारीतली ही ‘पांढरी विक्री’ पुढे फ्रान्सभर रूढ झाली.

जे पॅरिसला येऊ शकत नव्हते त्यांच्याकडे दुकान गेलं. सचित्र याद्या छापल्या जात आणि त्यांना कापडाचे खरेखुरे तुकडे चिकटवलेले असत. बोटांनी चाचपून पाहावं आणि मग पत्र टाकावं. पंचवीस फ्रँकच्या वरच्या मागणीला पोचवण्याचा खर्च नाही. १८९४च्या हिवाळी हंगामात अशा पंधरा लाख याद्या पाठवल्या गेल्या. त्यांतल्या साडेसात लाखांच्या आसपास फ्रान्सच्या प्रांतांत आणि अडीच लाखांहून अधिक परदेशी. एखाद्या आडगावच्या शिक्षकाच्या घरात राजधानीच्या बाईसारखा पोशाख कसा करावा, घर कसं मांडावं, हे या यादीने शिकवलं. मध्यमवर्गाच्या आवडीनिवडीला वळण लावण्यात या पुस्तिकांचा वाटा फार मोठा आहे.

हे सगळं पाहून एमिल झोला खेचला गेला. १८८२ मध्ये त्याने ‘बाँ मार्शे’ आणि ‘लूव्र’ या मोठ्या दुकानांत हिंडून टिपणं काढली. कोणता नोकर किती कमावतो, जेवण कसं असतं, माल कुठून उतरतो, चोऱ्या कशा पकडतात. त्यातून १८८३ मध्ये ‘ओ बोन्योर दे दाम’ ही कादंबरी झाली. तिची नायिका दनीझ दोन भावांना घेऊन गावाकडून पॅरिसला येते. तिच्या काकाचं जुनं कापडदुकान समोरच्या झगमगत्या दुकानापुढे हळूहळू मरतं आणि ती स्वतः त्याच झगमगाटात नोकरी करते. या दोन बाजूंमध्ये उभी असलेली मुलगी, हीच त्या काळाची खरी स्थिती होती.

कारण काळी बाजूही होतीच. पिढ्यान्‌पिढ्या छत्र्या, लोकर, हातमोजे विकणारी लहान दुकानं बंद पडली. १८८८ मध्ये छोट्या दुकानदारांनी संघटना उभारून मोठ्या दुकानांवर जास्त कर बसवण्याची मागणी लावून धरली. दुसरीकडे, खुला मांडलेला माल पाहून सुस्थितीतल्या स्त्रियाही चोरी करताना सापडू लागल्या. पॅरिसचा वैद्य पोल द्युब्युइसाँ याने १९०२ मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिलं. इच्छा जागी करणारी व्यवस्था उभारली की ती इच्छा प्रत्येकाच्या ऐपतीत थांबत नाही. आजच्या बाजारातल्या कर्जाच्या विळख्यांकडे पाहताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

काचेच्या छताखाली राबणाऱ्या माणसांचं जिणं सोपं नव्हतं. दिवस बारा-बारा तासांचा, उभ्याने. विक्रेत्याला थोडा पगार आणि विकलेल्या मालावर टक्केवारी, त्यामुळे गिऱ्हाइकासाठी आपसांत चढाओढ. पाहणी करणारे निरीक्षक मजल्यांवर फिरत असत. बोलण्यात कसूर झाली, उशीर झाला, की नोकरी जायला वेळ लागत नसे. १८६९ मध्ये पॅरिसच्या दुकानी नोकरांनी कामाचे तास आणि रविवारची सुट्टी यांसाठी संप केला आणि तो फसला. विक्रेत्या मुलींना बसायला आसन द्यावं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी फ्रान्समध्ये २९ डिसेंबर १९०० रोजी कायदा करावा लागला.

तरीही ‘बाँ मार्शे’त शिरण्यासाठी खेड्यापाड्यांतून तरुण येत, कारण इतरत्र न मिळणारं इथे काही होतं. दुपार-संध्याकाळचं जेवण दुकानातर्फे. एकट्या मुलींसाठी वरच्या मजल्यावर राहायच्या खोल्या. वैद्याची व्यवस्था. संध्याकाळी इंग्रजी, संगीत, तलवारबाजीचे विनामूल्य वर्ग. १८७२ पासून नोकरांचं वाद्यवृंद-गायन पथक होतं आणि त्याचे कार्यक्रम दुकानातल्या मोठ्या दालनात नि बाहेरच्या बागेत होत. वरच्या जागा बाहेरून न भरता आतल्याच माणसांना देण्याचा रिवाज होता. १८७६ मध्ये बुसिकोने भविष्यनिधी सुरू केला. त्यात नोकराच्या पगारातून एक सांतीमही कापला जात नसे. सगळी रक्कम दुकानाच्या नफ्यातून.

यात शिस्त आणि माया एकमेकांत गुंतलेली होती. निष्ठा मिळवण्याचा हा मार्ग होता, हे खरं. फेरीवाल्याच्या पालापासून सुरुवात केलेल्या माणसाला बिनभरवशाच्या म्हातारपणाची भीती ठाऊक होती, हेही तितकंच खरं.

या दुकानाने शिकवलेली माणसं बाहेरही गेली. इथल्या रेशीम विभागात तयार झालेल्या झ्यूल झालुझोने १८६५ मध्ये ‘प्रँतां’ उघडलं. इथेच काम केलेल्या मारी-लुईझ झायने नवरा एर्नेस्त कोन्याक याच्याबरोबर ‘सामारितेन’ मोठं केलं. पॅरिसच्या दोन नामांकित दुकानांची मुळं अशी या एका कोपऱ्यात सापडतात.

२६ डिसेंबर १८७७ रोजी अरिस्तीद गेला. मालकी मुलाकडे गेली, पण तोही दोनच वर्षांत, १८७९ मध्ये वारला. वारस नाही. त्रेसष्ट वर्षांची मार्गरीत एकटी उरली, आणि तिच्या हातात पॅरिसमधलं सर्वांत मोठं दुकान. ते विकून ती सुखात राहू शकली असती. तिने वेगळं केलं.

१८८० मध्ये तिने एक कंपनी स्थापन केली. भांडवल दोन कोटी फ्रँक, पन्नास हजारांचा एक असे चारशे भाग. त्यात तिने दुकानातल्याच ९६ जणांना भागीदार करून घेतलं. हे बहुतेक वरच्या हुद्द्यावरचे, विभागप्रमुख वगैरे होते, म्हणजे सगळ्या नोकरांना मालकी मिळाली असं म्हणता येणार नाही. पण त्यांतले बरेच जण साध्या विक्रेत्यापासून वर आलेले. काल ज्याने ठाण उचललं तो आज नफ्याचा धनी झाला. १८८६ मध्ये तिने स्वतःच्या संपत्तीतून पन्नास लाख फ्रँक घालून निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. वीस वर्षं नोकरी केलेल्याला म्हातारपणी आधार मिळू लागला. फ्रान्समध्ये तेव्हा बहुतेक कामगारांना निवृत्तिवेतन हा शब्दही अनोळखी होता.

तिचा पैसा दुकानाबाहेरही पोहोचला. लुई पाश्चरच्या संस्थेसाठी तिने मोठी देणगी दिली. आपल्या वेर्झू गावासाठी साओन नदीवर पूल बांधायला पैसा दिला. लहानपणी जी नदी नावेने ओलांडायची, तिच्यावर आता पक्का पूल. ८ डिसेंबर १८८७ रोजी कान शहरात तिचं निधन झालं. मृत्युपत्रात तिने दुकानातल्या माणसांसाठी त्यांच्या नोकरीच्या वर्षांप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे रकमा लिहून ठेवल्या होत्या. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू अशा तिन्ही धर्मांच्या गरिबांसाठी देणग्या होत्या. उरलेल्या संपत्तीचा मोठा वाटा पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णसेवेला गेला. त्यातून उभं राहिलेलं बुसिको रुग्णालय १८९७ मध्ये उघडलं आणि शंभराहून अधिक वर्षं चाललं. मेट्रोच्या आठव्या मार्गावर त्या भागातल्या स्टेशनला आजही बुसिको हेच नाव आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे साडेचार हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना उतरायला चांगली जागा हवी म्हणून दुकानाच्या पुढाकाराने १९१० मध्ये बागेच्या दुसऱ्या बाजूला ‘ल्युतेसिया’ हॉटेल उभं राहिलं. त्याचा एक वास्तुशिल्पकार लुई-इपोलित ब्वालो, म्हणजे दुकान बांधणाऱ्या लुई-शार्लचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात याच हॉटेलात जर्मन हेरखात्याचं ठाणं बसलं आणि १९४५ मध्ये छळछावण्यांतून वाचून आलेल्यांना तिथेच उतरवलं गेलं. हरवलेल्या आप्तांचे फोटो घेऊन लोक तिथे ताटकळत उभे राहत. खरेदीच्या सुखासाठी बांधलेल्या वास्तूने फ्रान्सचं एवढं मोठं दुःख पाहिलं.

दुकानाची रस्त्यापलीकडची नवी इमारत नोव्हेंबर १९१५ मध्ये आगीत जळाली आणि १९२०च्या दशकात पुन्हा बांधली गेली. तिथे आज खाद्यपदार्थांचं प्रसिद्ध दालन आहे. सीनच्या उजव्या तीरावरची दुकानं पुढे निघून गेली आणि ‘बाँ मार्शे’ मागे पडत गेलं. १९८४ मध्ये बर्नार आर्नो यांनी घेतलेल्या उद्योगसमूहाबरोबर ते त्यांच्या हाती आलं, आणि तेव्हापासून ते उंची मालाचं दुकान म्हणून नव्याने नावारूपाला आलं. १९९० मध्ये आंद्रे प्युतमान या अंतर्गत सजावटकार स्त्रीने मधल्या चौकात आखलेले सरकते जिने आज या दुकानाची ओळख झाले आहेत.

अरिस्तीद बुसिको संत नव्हता, व्यापारी होता, आणि नफा त्याला हवाच होता. पण नफ्यासाठी गिऱ्हाइकाला अंधारात ठेवावं लागतं, ही हजारो वर्षांची समजूत त्याने खोटी पाडली. किंमत उघड लिहिली की श्रीमंत-गरीब एका रांगेत येतात, आणि परत घेण्याचं वचन दिलं की अनोळखी माणसांतही विश्वास उभा राहतो. आपल्याकडच्या कापडबाजारात ‘एकच भाव’ अशी पाटी दिसते, मॉलमध्ये कपड्याच्या बाहीला चिठ्ठी लोंबते, मोबाइलवर मागवलेली चप्पल मापात बसली नाही तर माणूस येऊन परत घेऊन जातो. या प्रत्येक सोयीच्या मागे अनेकांचे हात आहेत, पण ती धंद्याचा पाया म्हणून पहिल्यांदा ठामपणे पेलून दाखवली या कोपऱ्यावरच्या दुकानाने.

मार्गरीतने त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द जसा पाळायचा, तसाच काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसालाही द्यायचा, आणि तो त्याच्या म्हातारपणापर्यंत पाळायचा. आज एका बोटाने वस्तू मागवताना गोदामात धावणाऱ्या आणि जिने चढून दारात येणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाचा विचार आपल्या व्यापाराने किती केला आहे? ज्या दुकानांनी बुसिकोची चिठ्ठी उचलली, त्यांतल्या फार थोड्यांनी मार्गरीतचा निधी उचलला.

पॅरिसला गेलात तर ‘बाँ मार्शे’ जरूर पाहा, त्या काचेच्या छताखाली मान वर करून उभे राहा. पण आत शिरण्याआधी बागेत दोन मिनिटं थांबा. दगडातली ती बाई लहानपणी नदीकाठी हंस राखत होती. या दुकानाचा हिशेब तिच्यापासून सुरू करायला हवा.